भिंतीकडची कूस

आईच्या सुतकात मी जपानी चित्रांची सहा पुस्तकं वाचून काढली, हे आमच्या भावकीत अजून सांगतात. लग्नात पंगतीला शेजारी बसलेली एखादी बाई मला न्याहाळते आणि विचारते, त्या कार्टूनवाल्या तुम्हीच का? मी हो म्हणते आणि भात वाढून घेते. खरं तर माझ्या नावावर याहून वाईट गोष्ट आहे. ती फक्त एका मुलीला माहीत आहे.

आमचं गाव महाडहून वरंधकडे जाणाऱ्या रस्त्याला. मी पंधरा वर्षं बिरवाडीत खोली घेऊन राहिले, कंपनीत पॅकिंगला होते. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा काम सोडून घरी आले. कोणी जबरदस्ती केली नाही. धाकटा भाऊ मुंबईला, त्याची नोकरी, त्याची मुलगी शाळेत. मला नवरा नाही, पोर नाही. सगळे एकमेकांकडे बघत होते आणि बघता बघता माझ्याकडे बघायला लागले, एवढंच.

आईची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. महाडच्या दवाखान्यातल्या सिस्टरने मला एकच गोष्ट दहादा सांगितली, दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतील. एकदा दाराकडे, एकदा पाठीवर, एकदा भिंतीकडे. एक हात खांद्यामागे, एक कमरेखाली, आणि वळवल्यावर गुडघ्यांच्या मध्ये उशी. तीन वर्षं मी हे केलं. दिवसा घड्याळावर, रात्री मोबाईलच्या गजरावर. तीन वर्षांत आईच्या पाठीला मण्याएवढीही जखम झाली नाही. गावात कोणाला याचं काही वाटलं नाही, पण मला त्याचा गर्व होता. होताच.

दाराकडे तोंड असलं की आई खूश असायची. दारातून रस्ता दिसतो, जाणारी येणारी एसटी दिसते. भिंतीकडची कूस तिला नको असायची. वळवायला गेले की डाव्या हाताने माझं मनगट धरून ठेवायची आणि घशातून आवाज काढायची. मी म्हणायचे, दोनच तास, आई, दोनच तास.

ती गेली त्या दुपारी तिने पेजेची वाटी उडवली. डावा हात असा फिरवला की पेज चादरीवर, माझ्या अंगावर, जमिनीवर. त्या आठवड्यातली ती तिसरी चादर. दीड वाजला होता. पाळी पाठीवर झोपवायची होती आणि तिला अजून अर्धा तास होता. मी तिला भिंतीकडे वळवली. जोरात नाही, पण नेहमीसारखी सावकाशही नाही. म्हटलं, "घे. बघत बस आता भिंतीकडे." आणि चादर घेऊन मागच्या दारी गेले. चादर धुवायला दहा मिनिटं लागतात. मी दीड तास लावला. दोन वाजले ते मला कळलं होतं. म्हटलं राहू दे जरा. साडेतीनला चहा घेऊन आत आले तर आई गेलेली होती.

पुढचं मी काय केलं ते सांगते. कोणाला हाक मारायच्या आधी मी तिला वळवली. दाराकडे. गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवली, पदर नीट केला, आणि मग ओरडले.

शेजारच्या काकू पहिल्या आल्या. काकू म्हणजे माझी चुलती, भावकीत आता तीच वडीलधारी. त्यांनी आईकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि तिथेच त्यांची गोष्ट तयार झाली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला त्या तीच सांगत होत्या, "दाराकडं तोंड करून गेली हो. रस्त्याकडं बघत बघत गेली. अशी कोण जातंय? लेकीच्या सेवेचं फळ हाय." आणि मग सगळ्या बायका माझ्याकडे बघायच्या, कौतुकाने.

आमच्याकडे भेटायला आलेली बाई पायरीवरच हेल काढते. आत येते, घरातल्या बाईच्या गळ्यात पडते, आणि मग दोघींनी रडायचं. पहिल्या दिवशी सातजणी माझ्या गळ्यात पडल्या. मी त्यांची पाठ थोपटत होते, जसं काही त्यांचीच आई गेली होती. माझ्या डोळ्यात टिपूस आलं नाही. दुःख होत होतं आणि मी आवरत होते, असंही नव्हतं. काहीच होत नव्हतं. दात काढताना डॉक्टर सुई देतो आणि मग गाल आपला राहत नाही, तसं अख्खं अंग झालं होतं. कोणी चिमटा काढला असता तरी मी बघत राहिले असते. दुसऱ्या दिवशी काकूंनी मला मागच्या दारी नेलं. "रड गो बाय एकदाची," म्हणाल्या. "लोक बघतात. आतल्या आत ठेवलंस तर तुलाच बाधंल." मी बरं म्हटलं. भाऊ रडत होता, भावजयही रडत होती. भावजयीचं आणि आईचं कधी पटलं नाही, पण ती खरंच रडत होती आणि मला तिचा हेवा वाटला.

भावाची मुलगी चौदा वर्षांची. मुंबईहून येताना कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त घेऊन आली होती, कारण आमच्या घरात फोनला रेंज नाही हे तिला माहीत होतं. रेंज हवी तर देवळाच्या मागच्या चढावर जाऊन उभं राहावं लागतं. तिसऱ्या दिवशी ती पडवीतल्या खाटेवर जाऊन बसली. खाट म्हणजे आईचीच, लोखंडी, डोक्याकडून वर करायचा दांडा असलेली. महाडहून जुनी घेतली होती. अंथरूण आईबरोबर गेलं, खाट गरम पाण्याने धुऊन पडवीत भिंतीला लावून ठेवली होती. तिच्या जवळून जाताना माणसं अंग चोरून जात. ही पोरगी मांडी घालून वर बसली आणि वाचायला लागली. काकू तिला ओरडल्या, उठ गो तिथनं. ती म्हणाली, आजीचीच आहे ना, आणि पान उलटलं. तीन दिवसांत मला बरी वाटलेली ती पहिली गोष्ट.

सुतकात घरच्या माणसाला काम नसतं. देवाला शिवायचं नाही, फोडणी द्यायची नाही, कुठे जायचं नाही. जेवण भावकीतून येतं. तीन वर्षं ज्या बाईला बसायला फुरसत नव्हती तिने दहा दिवस नुसतं बसायचं. मी खाटेच्या पायथ्याशी जाऊन बसले. तिथे पडलेलं एक पुस्तक उचललं, उघडलं. पोरीने न बघताच ते माझ्या हातातून काढून घेतलं, फिरवलं आणि परत हातात दिलं. म्हणाली, इथून सुरू होतं, आत्या, तू शेवट उघडलास. मी म्हटलं, कॉमिक आहे होय. तिने मान वर न करता सांगितलं की कॉमिक नाही, मंगा, जपानी, ती उलटीकडून वाचतात.

पुस्तकं इंग्रजीत होती. माझं इंग्रजी म्हणजे खोक्यांवरचं. हँडल विथ केअर, कीप ड्राय, धिस साइड अप. एवढ्यावर गोष्ट कळत नाही. म्हणून ती वाचायची, मराठीत सांगायची, आणि मी चित्रं बघायचे. तिची मराठी अर्धी हिंदी. गोष्टीतला रोबो तिच्या तोंडून बोलायचा, "मला सगळं समजतं, बट मला कोणी विचारतच नाही." मला हसू आलं आणि ते काकूंनी पाहिलं. झालं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की म्हातारी गेली आणि लेक कार्टून बघून हसतेय.

गोष्ट अशी होती. डोंगरातलं एक गाव, माणसं शहराकडे गेलेली, चार मुलं उरलेली. तिथला दवाखाना बंद झाला आणि त्यातलं एक यंत्र, हाच तो रोबो, मागे राहिलं. आजारी माणसाला उचलायचं, कुशीवर वळवायचं, एवढ्यासाठीच बनवलेलं. दोन जाड हात आणि डोक्याच्या जागी एक गोल दिवा. पण त्याला मन होतं. कधी आलं ते त्यालाही माहीत नव्हतं. मुलांनी त्याला शोधून काढलं आणि एकीच्या पणजीकडे नेलं. पणजी अंथरुणाला खिळलेली. यंत्र तिची कूस बदलायला लागलं. दर दोन तासांनी.

इथे मी पोरीकडे बघितलं. म्हटलं, ही मुद्दाम आणलीस का? ती खरोखर चक्रावली. मालिका ती वर्षभरापासून वाचत होती. आजीची कूस बदलावी लागते हेही तिला नीट माहीत नव्हतं, कारण सुट्टीत चार दिवस येणाऱ्या माणसाला काय काय दिसणार! मी तिला सांगितलं, मी हेच करत होते. ती म्हणाली, "तीन वर्षं?"

चौथ्या पुस्तकात पणजी मेली. आमच्याकडे तो सहावा दिवस. मला वाईट वाटलं नाही. मी चित्र बघत होते, पलंग कसा काढलाय, उशी कुठे ठेवली आहे. गुडघ्यांच्या मध्ये उशी दाखवलीच नव्हती. म्हटलं चित्रकाराने कधी कोणाला वळवलेलं नाही.

पाचव्यात यंत्र थांबेना. पलंग रिकामा, तरी दर दोन तासांनी ते खोलीत यायचं, गोधडीखाली हात घालायचं आणि गोधडी वळवायचं. मोठी माणसं म्हणाली बिघडलंय, कारागीर बोलवा, बंद करा. पोरीने हे वाचून दाखवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आत्या, तू पण उठतेस."

मला कळेना. ती म्हणाली की तिने तीन दिवस बघितलंय. दहाला, बाराला, दोनला, चारला. गळ्यात कोणी पडलेलं असलं तरी मी उठते, आतल्या खोलीत जाते, आजीची खाट होती तिथे भिंतीपाशी उभी राहते आणि परत येते. मी म्हटलं काहीतरीच. भिंतीवरच्या घड्याळात बाराला पाच कमी होते. आम्ही दोघी वाट बघत बसलो. आणि देवाशप्पथ सांगते, मी उठले. उठले तेव्हा मला वाटलं पाणी प्यायला उठतेय. आत गेले आणि पाण्याकडे न जाता भिंतीपाशी उभी राहिले, हात थोडे पुढे. मागे दारात पोरगी उभी होती. मला लाज वाटली, एवढी की भर गावात उघडं पडल्यावरही वाटली नसती.

त्याच पुस्तकाच्या शेवटी एक प्रसंग होता, त्याने माझं डोकं फिरलं. पणजी गेली त्या दिवशी बर्फ पडायला लागला होता आणि मुलांनी यंत्राला अंगणात ओढून नेलं होतं. त्याला परत यायला बारा मिनिटं उशीर झाला. हे कोणालाच माहीत नव्हतं. सगळी माणसं जमलेली, शांतपणे गेली म्हणतायत, आणि हे मध्ये उभं राहून सांगतं की मी बारा मिनिटं उशिरा आलो. मी पुस्तक खाटेवर आपटलं. म्हटलं, मूर्ख आहे मेला. कोणी विचारलं होतं का त्याला? सगळं नीट चाललं होतं. बारा मिनिटांनी काय मरतं माणूस? पोरगी घाबरली. तिने मला कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, त्याला सांगायचं होतं म्हणून सांगितलं असेल. मी म्हटलं, सांगून काय मिळालं, बंदच करायला निघाले ना? तिने यावर विचार केला आणि म्हणाली की हो, पण मुलांना तर तो तेव्हाच खरा वाटायला लागला.

त्या संध्याकाळी पोलादपूरकडचे पाहुणे आले. काकूंनी त्यांना दाराची गोष्ट सांगितली. आता तिला आणखी पालवी फुटली होती. आईने म्हणे शेवटी डावा हात रस्त्याकडे केला होता. मी तिथेच होते, सुपारीचं तबक फिरवत. मी पुढच्या माणसापुढे तबक धरलं. दोन माणसांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

सहावं पुस्तक आम्ही नवव्या दिवशी संपवलं. मुलांनी यंत्राला बंद पडलेल्या शाळेत लपवलं. तिथेही ते दर दोन तासांनी उठायचं. मग मुलांनी काय केलं, एक गादी टाकली आणि आळीपाळीने तिच्यावर झोपायला लागली. यंत्र यायचं, त्यांची कूस बदलायचं आणि जायचं. एवढंच. कोणी त्याला समजावलं नाही की आता गरज नाही. पुस्तक तिथे संपलं. सातवं अजून निघायचं होतं. मी विचारलं, मग थांबलं का ते? पोरगी म्हणाली माहीत नाही, पुढच्या वर्षी कळेल.

दहाव्याला पुरुष नदीवर गेले. भाऊ डोकं भादरून घ्यायला बसला असेल त्या वेळी आम्ही घर सारवून, धुऊन घेतलं. काकू आणि भावजय मागच्या दारी चुलीपाशी होत्या. मी पडवी पुसून काढत होते. पोरगी खाटेवर आडवी पडली, हातपाय सैल सोडून, पाठीवर. मला वाटलं दमली. मग ती म्हणाली, "आत्या, बारा वाजले. वळव मला."

मी म्हटलं, चहाटळपणा नको. ती हसत नव्हती. छताकडे बघत पडून होती. पडवीत दुसरं कोणी नव्हतं. मी हात पदराला पुसले. एक हात खांद्यामागे घातला, एक कमरेखाली. आई शेवटी शेवटी एवढी हलकी झाली होती की मी श्वास न घेता तिला वळवायचे. ही पोरगी जड. तिला वळवताना माझ्या तोंडून हूं निघालं. गुडघ्यांच्या मध्ये ठेवायला उशी नव्हती म्हणून मी सहावं पुस्तक ठेवलं. आणि मग बघितलं तर ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी ठरवून केलं नव्हतं. हात माझे, त्यांनी त्यांची पाळी धरली होती.

मी तिच्या पाठीशी बोलले. तोंड दिसत असतं तर बोलले नसते. म्हटलं, "आजी दाराकडे बघत गेली नाही. अशीच होती, भिंतीकडे. मी रागाने वळवली होती, वेळेच्या आधी. दोनला आलेच नाही. मग गेल्यावर दाराकडे केली."

पोरगी हलली नाही. मागच्या दारी भावजय काकूंना मीठ कुठे आहे विचारत होती. मला वाटलं आता ही उठेल आणि आईबापाला सांगेल, आणि सांगू दे. मला भीती वाटत नव्हती. काही वाटतच नव्हतं, फक्त गुडघे दुखत होते.

ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "मग मला पण फिरव ना आता. दाराकडे."

मी म्हटलं, अजून दोन तास नाही झाले. ती म्हणाली, "नको. मला इकडे नाही आवडत."

मी तिला वळवली. सावकाश, जशी तीन वर्षं वळवत होते तशी. खांदा, कंबर, मग पाय. पुस्तक काढून परत नीट ठेवलं. कपाळावर आलेले केस मागे केले. तिचे डोळे उघडे होते आणि ती बाहेर रस्त्याकडे बघत होती. खालच्या वळणावर भोरकडे जाणारी गाडी दिसत होती. मी खाटेच्या कडेला बसले आणि मीही तिकडेच बघत राहिले. मला रडू आलं नाही. ते अजूनही आलेलं नाही, आणि आता कोणी विचारत नाही. तोंडातून फक्त एकच शब्द निघाला, आई. पोरीने माझं मनगट धरलं, डाव्या हाताने.

दीडला पुरुष नदीवरून आले. पानं मांडली. काकू नव्या माणसांना दाराची गोष्ट सांगायला बसल्या आणि पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, राहू दे. मग ती खाटेवर जाऊन पहिलं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली आणि मी पायथ्याशी बसले. आत घड्याळाचे दोन ठोके पडले. तिने पुस्तकावरून माझ्याकडे नजर टाकली. मी बसूनच होते.